ठिणगी कोणी टाकली आणि रान का वाळले

वाचकाचे पत्र (थोडे संक्षिप्त करून):

‘सप्रेम नमस्कार. माझे वय ५९ वर्षे आहे. माझे थोरले बंधू औष्णिक वीजकेंद्रात बॉयलर विभागात ३४ वर्षे काम करून निवृत्त झाले. वडील लवकर गेल्यामुळे माझे शिक्षण त्यांनीच केले. माझी मुलगी २७ वर्षांची असून पर्यावरण विषयातील पदव्युत्तर शिक्षण घेऊन त्याच क्षेत्रात नोकरी करते. लहानपणी ती काकांच्या मागे मागे असे. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र कुठल्याही देशातील वणव्याची बातमी आली की दोघांत वाद सुरू होतो. दादा म्हणतात, वणवे माणसेच लावतात, हवामान लाखो वर्षे बदलतच आले आहे, आणि शंभर वर्षांपूर्वी आजच्यापेक्षा जास्त जंगल जळत होते. तसा अमेरिकेचा एक आलेखही ते दाखवतात. मुलगी म्हणते, आजचा प्रत्येक वणवा हा कार्बन उत्सर्जनाचा परिणाम आहे आणि जे हे नाकारतात तेही त्या गुन्ह्यात सामील आहेत. मागच्या भेटीत दादा तिला म्हणाले, “विमानाने फिरतेस आणि आम्हाला शिकवतेस?” त्यावर ती म्हणाली, “काका, ही आग तुमच्याच धुरांड्यातून निघाली आहे.” दादा ताटावरून उठून गेले. त्याला ३ महिने झाले. दोघेही एकमेकांशी बोलत नाहीत आणि दोघेही मला विचारतात, “तूच सांग, कोण बरोबर?” मला विज्ञानातले फारसे कळत नाही. मी काय उत्तर देऊ, आणि हे दोघे पुन्हा बोलते कसे होतील?’

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. अशा पत्रांना ‘विषय बाजूला ठेवा, आधी नाते सांभाळा’ असे उत्तर देण्याची पद्धत आहे. मी ते देणार नाही. तसे केले तर दादांना वाटेल की आपली नुसती समजूत काढली जात आहे, आणि मुलीला वाटेल की ज्या अभ्यासासाठी तिने उमेदीची वर्षे दिली त्याला घरातच किंमत नाही. शिवाय तुम्हाला दोघांनीही स्पष्ट प्रश्न विचारला आहे आणि त्याला स्पष्ट उत्तर आहे. म्हणून आधी वादाच्या मुद्द्यांविषयी, आणि तेही थोडे सविस्तर, लिहिते.

मूळ प्रश्नावर तुमची मुलगी बरोबर आहे: पृथ्वी तापत आहे आणि त्याचे मुख्य कारण कोळसा, तेल आणि वायू जाळून आपण हवेत सोडलेला कार्बन डायऑक्साइड हे आहे. मात्र वणव्यांबद्दल ती ज्या शब्दांत बोलते ते शब्द तिच्याच शास्त्राला धरून नाहीत. उलट दादा जी तथ्ये मांडतात त्यांतील बरीचशी खरी आहेत, पण त्यांवरून ते काढतात तो निष्कर्ष निघत नाही. तुम्हाला वाटते की ते एकाच प्रश्नाची दोन उत्तरे देत आहेत. खरे पाहता त्यांचे प्रश्नच वेगळे आहेत. ठिणगी कोणी टाकली, हे दादा सांगतात. रान इतके का वाळले होते, हे मुलगी सांगते.

ठिणगीबाबत दादांचे म्हणणे पुष्कळ अंशी खरे आहे. अमेरिकेत १९९२ ते २०१२ या काळात नोंदलेल्या वणव्यांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात ८४ टक्के वणव्यांचा उगम माणसाकडे जातो असे आढळले. फेकलेली सिगारेट, नीट न विझवलेली शेकोटी, यंत्रातून उडालेली ठिणगी, विजेच्या तारा आणि काही ठिकाणी जाणूनबुजून लावलेली आग ही त्यामागची कारणे. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅराडाइज हे गाव जवळजवळ संपूर्ण जळाले आणि ८५ माणसांचा जीव गेला. ती आग वीजवाहिनीतील बिघाडातून लागली होती. हे सारे मुलीने मोकळेपणाने मान्य करायला हवे. पण त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे, जो दादांना बहुधा कोणी दाखवलेला नसेल. संख्येने ८४ टक्के असलेल्या या मानवी आगींचा जळालेल्या क्षेत्रातील वाटा ४४ टक्केच होता, कारण निर्जन भागात आकाशातील वीज पडून लागलेल्या आगी दिवसेंदिवस पसरत राहतात. कॅनडात २०२३ साली सुमारे दीड कोटी हेक्टर क्षेत्र जळाले, न्यूयॉर्कचे आकाश त्या धुराने नारिंगी झाले, आणि त्यातील बहुतांश क्षेत्र वीज पडून लागलेल्या आगींनी जाळले होते. तिथे पकडायला कोणी माणूसच नव्हता.

जाळपोळ करणाऱ्यांच्या बातम्यांबाबत दादांना एक विनंती करावीशी वाटते. ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या उन्हाळ्यात प्रचंड वणवे लागले तेव्हा ‘जवळपास २०० जाळपोळ करणारे पकडले’ असा मजकूर जगभर फिरला आणि अनेकांनी त्यावर विश्वास ठेवला. न्यू साउथ वेल्सच्या पोलिसांनी १८३ जणांवर आगीशी संबंधित कारवाई केली होती हे खरे; पण त्यांत बंदी असताना आग पेटवणारे आणि पेटती सिगारेट किंवा काडी टाकणारेही धरलेले होते, आणि हेतुपूर्वक वणवा लावल्याचा आरोप त्यांपैकी २४ जणांवर होता. त्या हंगामातील सर्वांत मोठ्या आगींपैकी एक, गॉस्पर्स माउंटनची आग, वीज पडून लागली होती. आकडा खरा होता, पण त्याला चिकटवलेला अर्थ खोटा होता. असे वारंवार घडते, आणि सुशिक्षित, सावध माणसेही त्याला फसतात. त्यात दादांनी कमीपणा वाटून घेण्याचे कारण नाही.

आता कोरडेपणाकडे येऊ, कारण या वादाची गाठ इथे आहे, आणि ती सोडवायला लागणारे ज्ञान तुमच्या घरात दादांइतके कोणाकडेही नाही. ज्याने आयुष्य बॉयलरवर काढले त्याला हे सांगावे लागत नाही की भिजलेला कोळसा भट्टीत गेला की उष्णतेचा एक हिस्सा आधी त्यातले पाणी उडवण्यात खर्च होतो, ज्वाला मंदावते आणि तेवढीच वीज काढण्यासाठी जास्त कोळसा घालावा लागतो. जंगलातील पाचोळा, वाळके गवत आणि पडलेल्या फांद्या यांनाही हाच नियम लागू आहे. पाचोळ्यात पुरेसा ओलावा असेल तर त्यावर पडलेल्या बहुतेक ठिणग्या जागच्या जागी विझतात आणि कोणाला त्यांचा पत्ताही लागत नाही. तोच पाचोळा खडखडीत वाळला असेल तर एक ठिणगी पुरते. हवेचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की बाष्प सामावून घेण्याची तिची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. तेवढे बाष्प आसपासच्या समुद्रातून किंवा पावसातून मिळाले नाही, तर ही तहानलेली हवा माती, पाने आणि फांद्या यांतील ओलावा ओढून घेते. थंड प्रदेशांत डोंगरावरील बर्फ लवकर वितळतो आणि जमीन उन्हाळ्याच्या आधीच कोरडी पडू लागते, त्यामुळे वणव्यांचा हंगाम लवकर सुरू होऊन लांबतो.

या परिणामाचे मोजमापही झाले आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागातील जंगलांविषयी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की १९८४ ते २०१५ या काळात माणसाने घडवलेल्या तापमानवाढीमुळे सुमारे ४२ लाख हेक्टर जास्त जंगल जळाले. म्हणजे ही वाढ झाली नसती तर जेवढे जळाले असते, त्याच्या जवळपास दुप्पट जंगल एकूण जळाले. यात ठिणग्या कोणाच्या होत्या हा प्रश्न येतच नाही. माणसाच्या हातून ठिणगी पूर्वीही पडत होती, आताही पडते. फरक एवढा झाला की आता ती अधिक दिवस आणि अधिक ठिकाणी कोरड्या सरपणावर पडते. दादा आणि मुलगी यांच्या बोलण्यात यापेक्षा मोठा विरोध मला खरोखर दिसत नाही.

मुलीचे चुकते कुठे, तर ‘प्रत्येक’ या शब्दात. शास्त्रज्ञ तसे म्हणत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या परिसरात वणवे भडकले, तेव्हा हवामानशास्त्रज्ञांच्या एका गटाने तेथील उष्ण, कोरड्या आणि वादळी परिस्थितीचा अभ्यास केला आणि तापमानवाढीमुळे तशी परिस्थिती उद्भवण्याची शक्यता सुमारे ३५ टक्क्यांनी वाढली असा अंदाज दिला. त्याच पद्धतीने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील २०२३ च्या परिस्थितीबद्दल किमान दुप्पट शक्यता असा निष्कर्ष निघाला. एका ठिकाणी एक तृतीयांश वाढ आणि दुसऱ्या ठिकाणी दुप्पट, हा फरक महत्त्वाचा आहे. तो पुसून ‘सगळे कार्बनमुळे’ असे म्हटले की ऐकणाऱ्याला एक अपवाद सापडण्याचा अवकाश, तो सगळेच नाकारायला मोकळा होतो. दादांच्या बाबतीत तेच झालेले दिसते.

वणव्यांमागे हवामानाशी संबंध नसलेली कारणेही आहेत आणि ती लहान नाहीत. १९१० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या आयडाहो आणि मोंटाना भागांत दोन दिवसांत सुमारे १२ लाख हेक्टर जंगल जळाले. त्या धक्क्यानंतर तेथील वनखाते प्रत्येक आग विझवण्याच्या धोरणाकडे वळले, आणि १९३५ मध्ये तर दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजण्यापूर्वी आटोक्यात आणण्याचा नियमच केला गेला. हेतू चांगला होता. पण ज्या जंगलांत दर काही वर्षांनी जमिनीलगत लहान आगी फिरून पाचोळा आणि झुडपे साफ करत असत, त्या जंगलांत अनेक दशके सरपण साठत गेले. कॅलिफोर्नियातील आणि ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवासी ठरावीक ऋतूत मुद्दाम लहान जाळ करून रान मोकळे ठेवत; त्यांची ती रीत बाहेरून आलेल्या सत्तांनी बंद पाडली. त्यात लोकांनी जंगलाच्या कडेला, कित्येकदा थेट जंगलात, घरे बांधली आणि विजेच्या तारा नेल्या. जाळरेषा (आग पसरू नये म्हणून साफ ठेवलेले पट्टे) राखणे, नियंत्रित जाळ करणे आणि घरांभोवतीचे वाळके गवत काढणे यांचा दादा आग्रह धरत असतील, तर मुलीने त्याला पळवाट समजू नये. उत्सर्जन आज निम्मे केले तरी पुढच्या उन्हाळ्यातील वणवा त्याने थांबणार नाही. तो थांबवायला ही जमिनीवरचीच कामे लागतात. आणि केवळ ही कामे करून उत्सर्जन तसेच चालू ठेवले, तर दर दशकात त्याच कामांना अधिक कठीण उन्हाळ्याशी झुंजावे लागेल.

दादांच्या आलेखाविषयी. तुम्ही वर्णन केले आहे त्यावरून १९२० आणि १९३० च्या दशकांत अमेरिकेत आजच्या कितीतरी पट क्षेत्र जळत होते असे दाखवणारा तो आलेख असावा. तो मी अनेकदा पाहिला आहे. त्यातील जुने आकडे आणि नवे आकडे एकाच पद्धतीने मोजलेले नाहीत. जुन्या आकड्यांत शेतीसाठी आणि गवतासाठी मुद्दाम जाळलेली जमीन मोठ्या प्रमाणात धरलेली होती, काही आगी दोनदा मोजल्या गेल्या होत्या, आणि ज्या संस्थेच्या नावाने तो आलेख फिरतो त्या अमेरिकी संस्थेनेच १९८३ पूर्वीच्या आकड्यांची तुलना नंतरच्या आकड्यांशी करू नये असे सांगितले आहे. दादांना हे पटवण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्यांना विचारणे की मीटर बदलल्यानंतर जुनी आणि नवी नोंद ते एका रेषेत कधी मांडतील का.

परंतु दादांनी आलेखाऐवजी उपग्रहांची माहिती पुढे केली असती, तर मुलीला उत्तर देणे जड गेले असते. जगभर दरवर्षी जळणारे एकूण क्षेत्र खरोखरच घटले आहे. १९९८ ते २०१५ या काळात ते सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले. याचे मुख्य कारण असे की गवताळ प्रदेश आणि विरळ झाडीची कुरणे नांगराखाली आली, गुरे वाढली, रस्ते झाले, आणि त्यामुळे मोकळ्या रानातून वाऱ्याबरोबर पसरणाऱ्या आगी थांबल्या. जगातील जळणाऱ्या क्षेत्राचा फार मोठा भाग अशा गवताचाच असल्यामुळे एकूण बेरीज खाली आली. त्याच काळात उत्तरेकडील घनदाट जंगलांचे आणि पश्चिम अमेरिकेतील अरण्यांचे चित्र उलट दिशेने गेले. गवत जळाले तर पुढच्या पावसात ते पुन्हा उगवते. दोनशे वर्षांचे झाड जळाले तर ते तुमच्या मुलीच्या नातवंडांनाही पुन्हा दिसणार नाही. हेक्टरला हेक्टर मिळवून केलेल्या बेरजेत हा फरक दिसत नाही. मुलीने ही गोष्ट दादांच्या तोंडून ऐकण्याची वाट न पाहता स्वतःच सांगावी, असा माझा आग्रह आहे. आपल्या बाजूला गैरसोयीचे वाटणारे सत्य जो स्वतःहून सांगतो, त्याच्या पुढच्या वाक्यावर समोरचा विश्वास ठेवतो.

वणव्यातूनही धूर निघतोच, मग आमच्याच धुराचा हिशेब का, हा प्रश्नही अशा वादांत हमखास येतो. कॅनडाच्या २०२३ च्या वणव्यांतून सुमारे २४० कोटी टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला. कोळसा, तेल आणि वायू यांच्या ज्वलनातून जगात दरवर्षी सुमारे ३,७०० कोटी टन बाहेर पडतो. वणव्याचा कार्बन बराचसा त्याच रानाने हवेतून घेतलेला असतो, आणि रान पुन्हा वाढू दिले तर काही दशकांत ते तो परत घेते. कोळशातील कार्बन कोट्यवधी वर्षे हवेच्या व्यवहाराबाहेर होता. तो नव्याने त्यात येतो. इंडोनेशियात २०१५ मध्ये जळालेली दलदलीतील पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराची, जमीन मात्र या दोहोंच्या मधली आहे, कारण हजारो वर्षांत साठलेला तो थर काही दशकांत भरून येत नाही.

‘हवामान नेहमीच बदलत आले आहे’ हे वाक्य खरे आहे, आणि ते आपल्याला ठाऊक आहे ते हवामानशास्त्रज्ञांनीच शोधून काढल्यामुळे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून गेल्या ८ लाख वर्षांचा हिशेब लागला आहे: त्या साऱ्या काळात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण हवेच्या दर १० लाख भागांत साधारण १८० ते ३०० भागांच्या दरम्यान हलत राहिले. औद्योगिक काळापूर्वी ते सुमारे २८० होते. हवाई बेटावरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये अखंड मोजमाप सुरू केले तेव्हा ते सुमारे ३१५ होते आणि आज ४२० च्या पुढे गेले आहे. ही भर आपलीच आहे याची खूण हवेतच सापडते. कार्बन-१४ हा काळाबरोबर आपोआप नष्ट होत जाणारा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार जुन्या कोळशात उरलेला नसतो, आणि हवेतील कार्बनमध्ये त्याचा अंश पातळ होत चालल्याचे हान्स झ्यूस यांनी १९५० च्या दशकातच दाखवले होते. तापमानवाढ सूर्यामुळे झाली असती तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालची हवा तापते आहे आणि वरचा थर निवतो आहे. असे होईल हे स्युकुरो मानाबे आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६७ मध्ये गणिताने सांगितले होते, आणि मानाबे यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या मुद्द्यावर मी याहून जास्त लिहीत नाही, कारण दादांची खरी अडचण इथे आहे असे मला वाटत नाही.

त्यांची अडचण तुमच्या पत्रातील एका वाक्यात आहे: ‘काका, ही आग तुमच्याच धुरांड्यातून निघाली आहे.’

या माणसाने वडिलांच्या जागी उभे राहून धाकट्या भावाला शिकवले, आणि ते कोळशाच्या विजेवर मिळालेल्या पगारातून. ३४ वर्षे त्यांनी रात्रपाळ्या केल्या, भट्टीची धग सोसली, राख अंगावर घेतली, आणि त्या काळात त्यांना समाजाने सांगितले ते हेच की तुम्ही घरोघरी दिवे लावता, रुग्णालये चालवता, पंप चालवता. ते खोटे नव्हते. आता निवृत्तीनंतर, जिच्यावर त्यांनी जीव लावला ती मुलगी त्यांना सांगते की तेच काम गुन्हा होते. अशा वेळी माणूस आलेख शोधतो. तो आलेख हवामानाचा असला तरी त्यांना त्यातून स्वतःचे आयुष्य वाचवायचे असते. मुलीला हे कळले तर तिचे अर्धे उत्तर बदलेल. कोळशापासून तयार झालेल्या विजेच्या एका युनिटमागे साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो हे सत्य आहे, आणि ते एक युनिट ज्याने दिवा, पंखा, संगणक चालवण्यासाठी वापरले त्या प्रत्येकाचा त्यात वाटा आहे हेही तितकेच सत्य आहे. धुरांडे एकट्या दादांचे नव्हते. त्याच्या उजेडात बसून तिने अभ्यास केला आहे.

इथे मला तुम्हाला एका माणसाबद्दल सांगायचे आहे, कारण तो दादांच्या बिरादरीतला आहे. गाय कॅलेंडर हे इंग्लंडमधील वाफेच्या क्षेत्रातले अभियंते होते. त्यांचे वडील ह्यू कॅलेंडर यांनी वाफेचे दाब, तापमान आणि उष्णता यांची स्टीम टेबल तयार केली होती. तशी कोष्टके दादांनी नक्कीच हाताळली असतील. कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो हे जॉन टिंडल यांनी प्रयोगशाळेत दाखवले त्याला १९३८ मध्ये ७९ वर्षे झाली होती, आणि त्याने पृथ्वी किती तापेल याचे पहिले गणित स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये मांडले होते. पण प्रत्यक्षात तसे घडते आहे का, हे कोणी तपासले नव्हते. कॅलेंडर यांनी नोकरी सांभाळून, मोकळ्या वेळात, जगभरातील १४७ हवामान केंद्रांच्या तापमानाच्या नोंदी गोळा केल्या, हाताने आकडेमोड केली आणि त्याच वर्षी दाखवून दिले की पृथ्वी तापली आहे आणि इंधनाच्या ज्वलनातून निघालेला वायू त्यामागे असावा. त्या काळच्या नामवंत हवामानशास्त्रज्ञांनी त्यांच्यावर शंका घेतली. आपल्या निष्कर्षाची कॅलेंडर यांना भीतीही वाटली नव्हती. थोडी ऊब बरीच, असे त्यांचे मत होते, आणि ते पुढे चुकीचे ठरले. मला हा इतिहास फार मोलाचा वाटतो. ही जाणीव कारखान्यांच्या विरोधकांनी बाहेरून आणून लादलेली नाही. बॉयलर आणि वाफ समजणाऱ्या एका माणसाने ती आपल्याच विद्येतून काढली. दादांना ही गोष्ट तुम्ही सांगितलीत तर त्यांना कोणाच्या पक्षात जावे लागणार नाही.

विमानाच्या टोमण्याबद्दल थोडक्यात. दादांचा राग समजण्यासारखा आहे, आणि मुलीने आपला प्रवास किती आवश्यक आहे याचा विचार प्रामाणिकपणे करावा. एका लांब पल्ल्याच्या विमानप्रवासाचा वाटा माणसाच्या वर्षभराच्या उत्सर्जनात लहान नसतो. पण सांगणारा विमानाने फिरतो म्हणून थर्मामीटरवरचा आकडा बदलत नाही. धूम्रपान करणाऱ्या डॉक्टरने धूम्रपान सोडायला सांगितले तरी सल्ला बरोबरच असतो.

आता तुम्ही काय करावे. पहिली गोष्ट, निवाडा देऊ नका, पण गप्पही बसू नका. इतके दिवस तुम्ही ‘मला विज्ञान कळत नाही’ असे म्हणून बाजूला राहिलात, आणि त्यामुळे दोघांनाही वाटत राहिले की तुम्ही मनातून दुसऱ्याच्या बाजूचे आहात. मुलीशी आधी बोला, तेही एकांतात. तिला सांगा की तिचे शास्त्र बरोबर आहे आणि तिने त्यातील एक अक्षरही मागे घेऊ नये. मागे घ्यायचे आहे ते धुरांड्याचे वाक्य आणि ‘गुन्ह्यात सामील’ हे शब्द. माफी मागताना तिने ‘पण’ हा शब्द वापरू नये. ‘काका, मी तुमच्या कामाबद्दल बोलले ते चूक होते’ एवढेच बोलून तिने थांबावे. दादा त्यावर काही बोलले नाहीत तरी चालेल.

दादांकडे तुम्ही एकटे जा. सगळे कुटुंब जमलेले असताना हा विषय पुन्हा निघू देऊ नका, कारण चारचौघांसमोर मत बदलणे कोणालाही जड जाते आणि घरातील थोरल्याला तर फारच. त्यांनी आलेख काढला तर तो खोडून काढण्याची घाई करू नका. ‘हे आकडे कसे मोजले असतील?’ एवढाच प्रश्न विचारा आणि त्यांना बोलू द्या. मोजमापाचा विषय निघाला की ३४ वर्षे मीटर आणि नोंदवह्या पाहिलेला माणूस स्वतःच शंका काढू लागेल. मुलगी चुकली असे त्यांनी तुमच्याकडून वदवून घेण्याचा प्रयत्न केला तर स्पष्ट सांगा की बोलण्याची रीत चुकली, विषय चुकला नाही. हे सांगताना तुमचा आवाज कापेल, कारण ज्याने तुम्हाला वाढवले त्याला तुम्ही पहिल्यांदाच नाही म्हणत असाल. तरीही सांगा. त्यांना आदर हवा आहे, आणि खोटे होकार हा आदर नव्हे हे त्यांना तुमच्याहून जास्त कळते.

त्यानंतर दोघांना एकत्र आणाल तेव्हा हवामान बदल, कार्बन, वणवा यांपैकी एकही शब्द तुम्ही उच्चारू नका. मुलीला आधीच सांगून ठेवा की त्या दिवशी तिने फक्त ऐकायचे आणि विचारायचे आहे. मग दादांना विचारा की भिजलेला कोळसा आला की भट्टीवर काय होत असे, ओलावा कसा मोजत असत, आणि किती टक्क्यांच्या पुढे ज्वाला टिकवणे अवघड होई. ते सांगू लागले की मुलीला हळूच विचारू द्या की पाचोळ्यातला ओलावाही तसाच मोजता येईल का.